पुस्तकातला बेडूक आणि अक्काचं हृदय

पत्र उदगीर तालुक्यातल्या एका गावातल्या मुलाचं आहे. वय अठरा, लातूरला खोली करून नीटची तयारी चालू आहे, दुसरा प्रयत्न. त्याच्या तेवीस वर्षांच्या बहिणीला, अक्काला, नवव्या वर्षापासून फिट येतात. तीन औषधं झाली तरी महिन्याला चार-पाच झटके ठरलेलेच. हैदराबादच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की मेंदूतली एखादी जागा कापून काढावी असं चित्र नाही. तेव्हा मानेतल्या व्हेगस नर्व्हला (मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूला) विजेचे बारीक ठोके देणारं यंत्र छातीत बसवून पाहू. घरी त्यावर बोलणं चालू असताना हा मुलगा बोलून गेला, "व्हेगसला करंट दिला की हृदय थांबतं. सरांनी बेडकाचा प्रयोग सांगितलाय." त्या दिवसापासून आई ऑपरेशनचं नाव काढू देत नाही. वडील गप्प आहेत. मामा म्हणतात, पोरगं डॉक्टर होणार आहे, त्याला कळतं. पत्रात इतरही गोष्टी येऊन गेल्या आहेत: खर्चासाठी दोन एकरांतला एक एकर काढावा लागेल, मानेवर व्रण राहील का असं आईनं आधीच एकदा विचारलं होतं, अक्का गावच्या भजनात गाते. शेवटी प्रश्न असा: पुस्तक खरं की डॉक्टर? आणि माझ्या एका वाक्यानं अक्काचं नुकसान झालं का? जाता जाता कानाला लावायच्या, ऑनलाइन मिळणाऱ्या एका यंत्राबद्दलही विचारलं आहे.

बाळा,

आधी तुझ्या सरांची बाजू घेते, कारण तो बेडूक मी स्वतः कित्येकदा थांबवला आहे. शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना हा प्रयोग असायचा. काजळी धरलेला कागद गुंडाळलेला ड्रम सावकाश फिरायचा, हृदयाच्या टोकाला अडकवलेली आकडी तरफ हलवायची आणि काजळीवर ठोक्यांची पांढरी नक्षी उमटत जायची. व्हेगसला करंट दिला की नक्षी तुटायची. सरळ रेघ. एरवी मागच्या बाकावर कुजबुजणारी पोरंही त्या वेळी श्वास रोखून असायची. आता हे सगळं संगणकावर दाखवतात, आणि बेडकांच्या दृष्टीनं ते बरंच झालं.

पण सरांनी प्रयोगाचा पुढचा भाग सांगितला का? करंट तसाच चालू ठेवला तर थोड्या वेळानं त्या सरळ रेघेवर एक ठोका उमटतो. मग आणखी एक. हृदयाचा खालचा कप्पा आपल्या हिमतीवर, संथ गतीनं का होईना, चालू लागतो. याला व्हेगल एस्केप म्हणतात. करंट काढून घेतला तर काही क्षणांत सगळं पूर्वीसारखं. त्या करंटनं कायमचं थांबलेलं हृदय मी एकदाही पाहिलं नाही.

हा प्रयोग एर्न्स्ट आणि एडुआर्ड वेबर या जर्मन भावांनी १८४५ साली जगापुढे ठेवला. तोवर समज असा होता की नर्व्ह चेतवली की अवयव कामाला लागतो. इथे नर्व्ह चेतवली आणि अवयव थांबला, म्हणून तो गाजला. पुढे १९२१ साली ओटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेतवली आणि त्या हृदयातलं द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर सोडलं. दुसरं हृदयही मंदावलं. म्हणजे वीज हृदयाला थेट थांबवत नव्हती. नर्व्हच्या टोकाशी एक रसायन सुटत होतं, ते काम करत होतं. तेच असिटिलकोलिन. या शोधासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं. तुझ्या घरच्या वादात यातली एकच गोष्ट लक्षात ठेव: ते रसायन सुटतं तसंच लगेच मोडूनही पडतं. म्हणून व्हेगसचा हृदयावरचा परिणाम एखाद्या ठोक्यात सुरू होतो आणि करंट थांबला की काही सेकंदांत ओसरतो.

आणि व्हेगस काही हृदयाची वैरीण नव्हे. हृदयाचा स्वतःचा वेग मिनिटाला शंभरच्या आसपास असतो. रोपण केलेल्या हृदयाच्या नर्व्ह तुटलेल्या असतात, ते बसल्या जागी नव्वद-शंभरनं धावतं. तुझं-माझं सत्तरीत राहतं, कारण व्हेगसनं कासरा ओढून धरलेला असतो. मनगटावर बोटं ठेवून संथ, खोल श्वास घेऊन बघ. श्वास आत घेताना कासरा सैल होतो, नाडी जरा पळते. सोडताना पुन्हा ताणला जातो. तुझ्या वयात हा फरक बोटांनाही कळतो.

तेव्हा पुस्तक खरं आहे. डॉक्टरही खरे आहेत. तुझ्या प्रश्नातच एक गृहीत दडलंय, की "व्हेगसला करंट" ही एकच गोष्ट आहे. ती तशी नाही. कोणत्या बाजूच्या व्हेगसला, कोणत्या जागी आणि किती, यावर सगळं ठरतं.

व्हेगस दोन आहेत. उजवीचा जोर मुख्यतः सायनस नोडवर, म्हणजे ठोक्याचा ताल जिथून निघतो तिथे. डावीचा जोर जास्त करून एव्ही नोडवर, म्हणजे ताल खालच्या कप्प्यांकडे जातो त्या वाटेवर. वाटणी काटेकोर नाही, थोडी सरमिसळ आहे. तरी कल मोठा आहे, म्हणून फिटसाठीचं यंत्र डावीकडे बसवतात. दुसरं, मानेतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगसच्या फांद्या फुटतात त्या वरच्या भागात. यंत्राच्या तारेची वेटोळी त्या फांद्यांच्या खाली गुंडाळली जातात. कॅनॉलला चारी फुटून गेली की पुढे दार घातलं तरी चारीचं पाणी अडत नाही, तसं समज.

आता "किती" हा भाग. तुला गणित आवडत असेल म्हणून सांगते. यंत्राचा विजेचा ठोका साधारण एक ते दोन मिलिअँपिअरचा. सेकंदाला २० ते ३० ठोके, आणि प्रत्येक ठोका २५० ते ५०० मायक्रोसेकंदांचा. २० ठोके आणि २५० मायक्रोसेकंद धरले तर एका सेकंदात वीज वाहते फक्त पाच मिलिसेकंद. असे ३० सेकंद, मग पाच मिनिटं विश्रांती. म्हणजे तासाला सुमारे अकरा वेळा, दिवसभरात दोनशे साठच्या आसपास. सुरुवात यानंही होत नाही. ऑपरेशननंतर साधारण दोन आठवडे थांबून पाव मिलिअँपिअरनं चालू करतात आणि पुढच्या प्रत्येक भेटीत पाव-पाव वाढवत नेतात. मामांच्या डोळ्यांपुढे "करंट" म्हणताच विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचा झटका येत असणार. तो २३० किंवा ४०० व्होल्टचा मामला. हा वेगळा.

तरी नर्व्ह ती नर्व्हच, मग हृदय का मंदावत नाही? मला स्वतःला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. व्हेगस म्हणजे एक तार नव्हे, हजारो धाग्यांची मोळी आहे. त्यातले बहुतेक धागे शरीराकडून मेंदूकडे बातमी नेणारे. फिटवरचा उपचार त्यांच्यासाठीच आहे: ठोका वर जातो, मेंदूच्या देठातल्या केंद्रांना पोचतो आणि तिथून मेंदूची बेभान होण्याची सवय हळूहळू कमी होते. शिवाय धागे जाड-बारीक असतात. जाड धागा थोड्या विजेनंच जागा होतो, बारकाला जास्त लागते. स्वरयंत्राकडे जाणारे धागे जाड आहेत. हृदयाला आवरणारे त्यांच्याहून बारीक. त्यामुळे वीज वाढवत गेलं की आधी तक्रार करतो तो घसा: आवाज घोगरा होतो, खोकला येतो, घशात मुंग्या येतात. वीज हृदयाच्या धाग्यांपर्यंत पोचेल इतकी वाढवायच्या आधीच माणूस म्हणतो, डॉक्टर, बस. उपचाराच्या मात्रेवर बहुतेकांच्या नाडीत लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही.

आईची भीती मात्र अडाणीपणाची आहे असं कुणी म्हणालं तर त्याला अडव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये जेम्स कॉर्निंग नावाच्या डॉक्टरांनी मिरगीवर उपाय म्हणून मानेतल्या धमन्या दाबून, कातडीवरून व्हेगसला वीज देऊन पाहिली होती. नाडी मंदावली, लोकांना चक्कर आली आणि तो उपाय मागे पडला. माणसाच्या शरीरात आजच्यासारखं यंत्र पहिल्यांदा बसलं ते थेट १९८८ साली. अमेरिकेत फिटसाठी परवानगी मिळाली १९९७ ला. मधली शंभर वर्षं डाव्या-उजव्याचं, वर-खालचं आणि किती-कितीचं हे शहाणपण जमवण्यात गेली. उलट, कमजोर हृदयाच्या लोकांत उजव्या व्हेगसला मुद्दाम ठोके देऊन हृदय सावरतं का, हेही पाहून झालंय. २०१६ साली जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही, पण उजवी बाजूसुद्धा अशी हाताळता येते, एवढं तुझ्या सरांना जरूर सांग.

धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. ऑपरेशनच्या टेबलावर तार बसवल्यावर ती नीट जोडली गेली का हे तपासायला एक चाचणी-ठोका देतात. त्या वेळी हजारात एखाद्या रुग्णाचं हृदय एकदम मंदावतं किंवा काही क्षण थांबतं. समोर ईसीजी चालू असतो, भूलतज्ज्ञ उभे असतात, ठोका लगेच बंद करतात, हृदयाचा वेग वाढवणारं अॅट्रोपिन हाताशी असतं. तुझ्या बेडकाचाच धडा, फक्त सगळी तयारी ठेवून. घरी गेल्यावर, महिन्या-वर्षांनी असं झाल्याच्या नोंदी आहेत, पण अगदी तुरळक. यंत्र बसवलेल्या माणसाला नवीनच चक्कर किंवा अंधारी येऊ लागली तर "अशक्तपणा असेल" म्हणून बसू नये.

म्हणून हृदयाबद्दलचा खरा प्रश्न असा विचारायचा: अक्काचा ईसीजी झालाय का, आणि त्यात ताल वाहून नेण्यात कुठे अडथळा दिसतोय का? तसं काही असेल तर हृदयरोगतज्ज्ञांचं मत आणि चोवीस तास हृदयाचा ताल नोंदवणारी हॉल्टर तपासणी ऑपरेशनआधीच व्हायला हवी. याचं आणखी एक कारण आहे आणि ते फिट येणाऱ्या प्रत्येक घराला लागू आहे. काही लोकांना फिट म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या चालू असतात आणि मूळ दुखणं हृदयाच्या तालाचं निघतं: हृदय थबकतं, मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस कोसळून हातपाय झटकतो. एका ईसीजीला फार खर्च येत नाही, आणि तो तालुक्याच्या ठिकाणीही निघतो.

नाडीचा आणि या यंत्राचा संबंध उलट्या दिशेनंही आहे. बऱ्याच जणांची नाडी झटका सुरू होताना एकदम उसळते. २०१५ नंतर आलेली काही यंत्रं ही उसळी ओळखून आपण होऊन जादा ठोका देतात. तुझ्या घरी चर्चा चालली आहे की यंत्र हृदयाला काय करील, आणि इकडे यंत्रच हृदयावर कान ठेवून बसलंय.

आता तुझा दुसरा प्रश्न, नुकसानीचा. तो मी जरा वेगळ्या तऱ्हेनं वाचला. तू बेडूक काढण्याआधीच आईनं व्रणाचं विचारलं होतं. एका एकराचं बोलणंही आधीचंच. मला वाटतं, तुझ्या वाक्यानं आईचा नकार जन्माला आला नाही. नकाराला कुणी नावं ठेवणार नाही असं कारण मिळालं. जमिनीपायी लेकीचं ऑपरेशन टाळते म्हटलं तर चारचौघांत आई वाईट ठरते. लेकीच्या हृदयाला जपते म्हटलं तर कोण बोलेल? मी चुकत असेन. पण मी बरोबर असेन तर तू आईपुढे वही उघडून मिलिअँपिअर समजावत बसशील आणि ती आणखी घट्ट होईल, कारण तिच्या हातातलं ते एकुलतं कारण तू काढून घेत असशील.

त्यापेक्षा जमिनीवर बोल. यंत्र कित्येक लाखांत जातं, काही वर्षांनी बॅटरीसाठी पुन्हा छोटं ऑपरेशन लागतं, आणि पहिले काही महिने मात्रा वाढवायला दर दोन-तीन आठवड्यांनी फेरी असते. भाडं आणि बुडालेली रोजी धरून हिशेब मांडा. राज्याच्या जनआरोग्य योजनेत हे यंत्र बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून लेखी घ्या. महाराष्ट्राबाहेर ती योजना चालेल असं धरून चालू नका. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी खाटा राखीव असतात, तिथल्या समाजसेवा विभागात चौकशी करा. लातूर, अंबाजोगाई, नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं किंवा संभाजीनगरची घाटी, यांपैकी जिथे जाणं सोयीचं तिथे कागद दाखवून दुसरं मत घेता येईल. जमीन विकण्याआधी हे सगळं झालेलं असावं, एवढंच माझं म्हणणं. व्रण दोन असतात: एक मानेच्या डाव्या बाजूला, बहुधा कातडीच्या वळीत, आणि एक छातीवर किंवा काखेजवळ. लग्नाची धास्ती त्यामागे असेल तर हेही कळू दे की १९९९ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यातल्या लग्न रद्द ठरवण्याच्या कारणांतून अपस्मार वगळला गेला आहे. सासरच्या मंडळींचं मन कायद्यानं बदलत नाही, हे मला माहीत आहे.

डॉक्टरांनाही दोन गोष्टी विचारा. तीन औषधं झाली म्हणतोस, पण ती पुरेशा मात्रेत आणि न चुकता झाली का? योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत हरली की मगच फिट औषधाला दाद देत नाहीत असं म्हणतात. एकादशीला, लग्नघरात, पट्टी संपल्यावर उदगीरला जाईपर्यंत गोळ्या सुटतात, आणि हे कुणी डॉक्टरांना सांगत नाही. दुसरं, व्हिडिओ-ईईजी, म्हणजे झटक्याचं चित्रीकरण आणि मेंदूतल्या विजेची नोंद एकाच वेळी, झाला का? यंत्र हा ऑपरेशन शक्य नसलेल्यांसाठीचा मार्ग आहे, म्हणून ती शक्यता नीट तपासलेली हवी.

आणि अपेक्षा माफक ठेवा. वर्ष-दोन वर्षांत साधारण निम्म्या लोकांचे झटके निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात. पूर्ण बंद होणारे थोडे. गोळ्या सुटत नाहीत. यंत्र असताना एमआरआय करायचा तर आधी सांगावं लागतं, आणि कंबर-मान दुखली म्हणून विजेच्या यंत्राचा खोलवरचा शेक कधीही घ्यायचा नाही, हे फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सांगायला विसरतात. या सगळ्यासमोर दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघ: महिन्याला चार-पाच झटके, चूल, विहीर, पायऱ्या, आणि मोठे झटके आटोक्यात नसलेल्यांत क्वचित होणारा झोपेतला अचानक मृत्यू. जीव जाण्याची भीती धरायची तर ती दोन्हीकडची धरायला हवी.

कानाच्या यंत्राचं थोडक्यात. कानाच्या भोकाजवळच्या खोलगट भागात आणि कानाच्या नळीत व्हेगसची एक फांदी असते, कान कोरताना खोकला येतो तो तिच्यामुळे. तिथून ठोके देण्यावर संशोधन चालू आहे. नाडीवरचा परिणाम काही अभ्यासांत थोडा दिसतो, काहींत दिसतच नाही. अक्काच्या ऑपरेशनला पर्याय म्हणून ते मागवू नकोस. ज्याची नाडी मुळातच मंद आहे किंवा ज्याला पेसमेकर आहे, त्यानं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

शेवटची गोष्ट. तुझं पत्र मोठं आहे. आई काय म्हणाली, मामा काय म्हणाले, सर काय म्हणाले, सगळं आहे. अक्का काय म्हणाली ते कुठेच नाही. ती भजनात गाते, एवढंच एका ओळीत. तुम्ही सगळे तिच्या हृदयाची राखण करत बसलात आणि यंत्र बसवलेल्यांना खरोखर नेहमी त्रास होतो तो घशाचा. ठोका चालू असतानाच्या तीस सेकंदांत आवाज जड होतो. बहुतेकांना तो दिवसांनी कमी वाटू लागतो, पण गाणाऱ्या माणसाला अभंगाच्या मधोमध तो किती खुपेल हे तुला-मला सांगता येणार नाही. यंत्राबरोबर एक चुंबक देतात. झटका येतोय असं वाटलं की तो छातीवरून फिरवला तर जादा ठोका मिळतो, आणि छातीवर धरून ठेवला तर तेवढा वेळ यंत्र गप्प राहतं. भजनाच्या वेळी असं करता येईल का, किती वेळ चालेल, हे अक्कालाच डॉक्टरांना विचारू दे. रविवारी गावी गेलास की हे तिला सांग, आई स्वयंपाकघरात असेल तेव्हा नव्हे, समोर असताना सांग. आणि मग ती काय म्हणते ते मला लिही.

तुझी,
सदराची मावशी